आमची वाटचाल: काळ्या बिअरचा नळ

म्हापशाजवळ ब्रूपब, म्हणजे स्वतःची बिअर जागेवरच बनवणारा बार, काढायचं ठरवलं तेव्हा एक गोष्ट उघड होती. थंडगार लागर, म्हणजे नेहमीची फिकट बिअर, गोव्यातल्या प्रत्येक बारमध्ये मिळते, तीही स्वस्त. नुसत्या तिच्यावर आमचं भागलं नसतं. म्हणून चार नळांपैकी एक बारा महिने पोर्टर या काळ्या बिअरला दिला. भागीदार असलेल्या मेव्हण्याला हा हट्ट वाटला, अजूनही वाटतो.

पोर्टर ही अठराव्या शतकातल्या लंडनची, हमालांमध्ये खपणारी बिअर. तिथल्या पाण्यात क्षार भरपूर, त्यामुळे भाजलेल्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या बार्लीची) आम्लता त्यात जिरते. आमचं पाणी जांभ्यातून झिरपलेलं, मऊ. त्यात गडद माल्ट सुरुवातीलाच घातलं तर मॅशचा, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टचा, पीएच घसरतो, म्हणजे आम्लता वाढते, आणि बिअर आंबट, करपट लागते. आम्ही ते अगदी शेवटी घालतो, सोबत किंचित खाण्याचा सोडा. पीएच ५.४ च्या आसपास राहिला की निम्मं काम झालं. पुढे बिअर आंबवणाऱ्या यीस्टला १९ अंश लागतात, आणि मे महिन्यात ते राखायचे म्हणजे चिलर दिवसरात्र चालू. पावसाळ्यात वीज गेली की जनरेटर. पोर्टर महाग का, तर यासाठी.

विकताना अडचण वेगळीच. 'काळी म्हणजे कडक' हा समज इतका पक्का की गिऱ्हाईक ग्लास बघूनच लागर मागतं. खरं तर रंग येतो भाजण्यातून आणि नशा साखर आंबण्यातून. १८१७ साली डॅनियल व्हीलरने माल्ट भाजण्याच्या पिंपाचं पेटंट घेतलं, तेव्हापासून थोड्याशा काळ्या माल्टवर अख्खी टाकी काळी होते. आमची पोर्टर ५ टक्क्यांची. दुकानातली फिकट 'स्ट्राँग' ८ पर्यंत जाते.

वाद घालण्यापेक्षा आम्ही छोटा ग्लास फुकट देतो. फार गार नाही, ११-१२ अंशांना. बर्फासारख्या गार पोर्टरला चवच नसते. आधी उजेडात धरायला सांगतो, कडेला लालसर झाक दिसते. मग वास: पावाची भाजकी कड, कोको, मागून कॉफी. सत्तरी तालुक्यातले एक काका, काजूच्या भट्टीवर आयुष्य गेलेले, नुसता वास घेऊन म्हणाले, "बरें भाजलां, करपूंक ना." हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू, ओळखणाऱ्या नाकाला आम्ही काय शिकवणार!

सोबत शागुती, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणातली कोंबडी किंवा मटण, घ्या, असं आग्रहाने सांगतो. भाजलेलं खोबरं आणि भाजलेलं माल्ट यांचं चांगलं जमतं. तळलेल्या मासळीवर मात्र आमची लागरच बरी.

खपात लागर अजून पुढेच आहे. माल्टचा चोथा डिचोलीच्या एका गोठ्यात जातो, तेवढाच एक व्याप कमी. आता बाल्टिक पोर्टर करायची आहे, लागरच्या यीस्टवर आंबवलेली, जास्त अल्कोहोलची. तिला गारव्यात दोनेक महिने मुरावं लागतं आणि तितके दिवस एक टाकी अडकते. त्यासाठी जादा टाकी सांगितली आहे. चतुर्थीनंतर बिअर घातली, तर नाताळच्या गर्दीला नळावर येईल.