भंगारातून उभं राहिलेलं ग्रीन

नाशिककराला गोल्फ म्हटलं की गोल्फ क्लब मैदान आठवतं, म्हणजे आपलं हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथे जॉगिंग चालतं, क्रिकेट चालतं. गोल्फची काठी मी तरी कधी पाहिली नाही. बंगल्यांच्या बागा, लॉन, सोसायट्यांचे पाथवे ही माझी नेहमीची कामं. गिरणारे गावाकडच्या एका फार्महाउसचे मालक म्हणाले, "सरावापुरतं एक ग्रीन आणि एक बंकर करून द्या, पण जमेल तिथे टाकाऊ माल वापरा." ग्रीन म्हणजे गोल्फच्या होलभोवतीची गुळगुळीत हिरवळ, बंकर म्हणजे वाळूचा खड्डा. मी लॉनच्या हिशोबाने हो म्हणून बसलो.

ग्रीनचं गवत तीन-चार मिलिमीटरवर कापतात. एवढं खुजं गवत जगवायचं तर मुळाशी पाणी साचून चालत नाही, आणि आमच्या काळ्या मातीचा तर साचवून ठेवण्यातच हातखंडा. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने, यूएसजीएने, १९६० साली घालून दिलेली पद्धत आजही चालते: तळाला चरांमध्ये छिद्रांचे पाइप, त्यावर १०० मिमी बारीक खडी, त्यावर ३०० मिमी वाळूचं मिश्रण. माझ्या दोन गुंठ्यांना खडी सव्वासात ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) आणि मिश्रण जवळपास २२ ब्रास लागणार होतं. एवढं सगळं फुकटात मिळवायचं!

पाइप सहज मिळाले. शेजारच्या शेतकऱ्याने द्राक्षबाग मोडली होती, त्याच्या ड्रिपची जुनी पीव्हीसी लाइन पडून होती. ती धुतली, ड्रिलने भोकं पाडली, झालं.

खडीच्या जागी मी विटांचा मलबा टाकायचं ठरवलं. जुन्या नाशकात एक वाडा उतरवत होते. पुरवणारा म्हणाला, "फक्त गाडीभाडं द्या, माल एकदम स्वच्छ." मुकादमाला काही ते पटेना, म्हणून आधी एकच कोपरा भरला, दहा बाय दहाचा. हे त्याचे उपकार. जूनच्या पहिल्या दोन सरींत त्या कोपऱ्याची टाकी झाली. दोन दिवस पाणी हलेना. उकरलं तर विटांचा गेरूसारखा लाल चिखल झालेला, त्यात चुना, पीओपीचे तुकडे, माती, आणि पाइपाची भोकं बोटाने पुसावी इतकी लिंपलेली. पुरवणाऱ्याला फोन केला, तर परत न्यायचे त्याने वेगळे पैसे सांगितले. तो सगळा मलबा मग पायवाटांखाली आणि कडेच्या उंचवट्यांत गाडला. तिथून पाणी झिरपायचं नसतं, तिथे तो उत्तम बसला. खडी मात्र क्रशरवरून नवी आणली, सहा ते दहा मिमीची, आणि स्वतः उभं राहून धुवून घेतली. मालकांना हा खर्च टोचला. मलाही टोचलाच, पण त्या थरात काटकसर करायला मी पुन्हा धजणार नाही.

वाळूचा मोह याहून मोठा होता. अंबडच्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, वापरून झालेली साच्याची वाळू ढिगाने पडलेली. हातात घेतली तर दाणा एकसारखा, बघता क्षणी आवडावा असा. दोन गोणी आणल्या. घरी लोणच्याच्या बरणीत मूठभर वाळू आणि पाणी घालून हलवली आणि झोपलो. वाळू केव्हाच तळाला बसली असणार, पण सकाळी वरचं पाणी अजून शाईसारखं काळपट. साचा धरून राहावा म्हणून त्या वाळूत बेंटोनाइट आणि कोळशाची भुकटी घालतात. बेंटोनाइट म्हणजे पाण्याने फुगणारी माती. ज्या काळ्या मातीपासून पळत होतो, तीच मी गोणीत भरून आणली होती. शिवाय साच्यांना काही ठिकाणी रसायनी डिंकही वापरतात, तो मुळांजवळ कशाला? दोन्ही गोण्या परत केल्या आणि धुतलेली क्रश सँड चाळून घेतली. पाइपाच्या तुकड्यात मिश्रण ठोकून भरलं, आधी भिजवून घेतलं आणि वर १५० मिमी पाणी ओतलं. तासाभरात ते उतरायला हवं होतं. पाऊण तासात उतरलं.

मिश्रणात सेंद्रिय भाग म्हणून परदेशात पीट, म्हणजे दलदलीतला अर्धवट कुजलेला पाला, घालतात. मी वायनरीतला द्राक्षांचा चोथा वापरला. शेण आणि पालापाचोळ्याबरोबर चार महिने कुजवला. पहिले पंधरा दिवस चिलटांचे ढग, आणि वास असा की मालकांचे पाहुणे विचारत, इथे दारू गाळता का? नीट कुजल्यावर चाळला. बिया तशाच राहतात, त्या चाळणीवरच अडवायच्या.

बंकर मात्र पूर्ण भंगाराचा. एका बॉक्स क्रिकेटवाल्याने झिजलेलं कृत्रिम टर्फ काढून टाकलं होतं. ते आधी झटकलं, तर त्यातूनच बरीच सिलिका वाळू निघाली. ती धुवून बंकरात गेली. टर्फच्या फूटभर रुंद पट्ट्या कापल्या आणि विटांसारख्या एकावर एक रचत भिंत उभी केली, मागे माती ठोकली. स्कॉटलंडमध्ये अशी भिंत खऱ्या हिरवळीच्या थरांची असते, पण ती काही वर्षांत ढासळते. ही दोन पावसाळे जशीच्या तशी आहे.

होलचा व्यास १०८ मिमी. हा आकडा ऐकून गवंडी खूश, "जपमाळेचे मणी!" म्हणाला. आतल्या कपासाठी ११० च्या ड्रेनेज पाइपाचा तुकडा घेऊ म्हटलं, तर तो बाहेरूनच दोन मिमी जास्त. कप गुपचूप विकत आणला.

गवत बर्म्युडाचं, त्यातलंच ठेंगणं वाण. बर्म्युडा म्हणजे आपली हरळी. कामावरच्या मावशींना हे कळलं आणि त्या खुरपं टाकून उभ्याच राहिल्या. "जन्म गेला हरळी काढण्यात, आणि तुम्ही पैसे देऊन लावताय?" आता छाटताना निघणारे धावते कोंब आम्ही फेकत नाही, कडेच्या जागेत पेरतो. त्या कोंबांवर एक अख्खा गुंठा भरला, रोप विकत न घेता.

गणपतीत मावशी जुडीसाठी त्या गुंठ्याकडे गेल्या होत्या. एक काडी उचलून डोळ्यांजवळ धरली, पानं मोजली आणि टाकून दिली. "बाप्पाला नाही चालणार ही," म्हणाल्या आणि बांधावरची खरी दूर्वा खुडायला गेल्या.