डॉक्टर, ॲव्हरेज किती देते?

पेट्रोलपंपावरचा पोऱ्या विचारतो, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला विचारतो, आणि गाय तपासताना तिची शेपटी धरून उभा असलेला मालकही विचारतो, "काहून घेतली जी येवढी मोठी जीप? ॲव्हरेज किती देते?" तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा लिहूनच टाकतो. डांबरावर लिटरला 11. चिखलात मी मोजत नाही.

मी गुरांचा डॉक्टर. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याच्या आसपासची गावं आणि कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे पाडे, ही माझी हद्द. नागपूर-हैदराबादचा 44 नंबरचा महामार्ग इथूनच जातो; त्यावर कोणतीही गाडी पळते. तो सोडून आत वळलात तरी बहुतेक गावांपर्यंत डांबर आहे. अडतं ते गावापासून शेतातल्या गोठ्यापर्यंत, पांदणीवर. उन्हाळ्यात तिथून माझी मोटरसायकल आरामात जायची. मृग बरसला की आमची काळी माती पाणी पिऊन फुगते, आणि मग ती माती राहत नाही, गोंद होते. मडगार्डमध्ये चिखल गच्च बसतो, चाक फिरेनासं होतं. उतरायचं, तुराटीने कोरायचं, शंभर पावलं जायचं, पुन्हा उतरायचं. मी 12 वर्षं कोरलं.

मग एका श्रावणात दुपारी फोन आला. पावसाने पंधरा दिवस दडी मारली होती, त्याच सकाळी धो धो कोसळला होता. दोन गाई धुऱ्याकडची कोवळी ज्वारी खाऊन आल्या होत्या. किराळ लागलं म्हणतात ते हेच. पाण्याचा ताण बसलेल्या कोवळ्या ज्वारीत असं द्रव्य असतं की जनावराच्या पोटात गेल्यावर त्याचं सायनाइड होतं. श्वास लागतो, जनावर आडवं पडतं. सोडियम थायोसल्फेट वेळेत शिरेतून गेलं तर ते वाचू शकतं, पण वेळ फार थोडा. मी पोचलो तेव्हा एक गाय गेली होती. दुसरी वाचली. मालक काही बोलला नाही, त्याने चहा मांडला. मोटरसायकलच्या चाकातला चिखल माझ्या बोटांना लागलेला होता, आणि त्या हातांनी मला कप धरवेना. दिवाळीनंतर ही जीप घेतली. सेकंडहँड, कापडी टपाची, फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी.

(जीप हे खरं तर कंपनीचं नाव, पण आमच्याकडे पुढून चौकोनी दिसली की जीप.)

आता फोर बाय फोरबद्दल. चिखलावरून तरंगत जाणारी गाडी असा माझाही समज होता. पहिल्याच आषाढात मी ऐटीत ट्रॅक्टरच्या चाकोरीत घातली. ट्रॅक्टरचं चाक केवढं, माझं केवढं! मधल्या उंचवट्यावर गाडीचं पोट टेकलं आणि चारही चाकं जागच्या जागी फिरायला लागली. टायरच्या खाचा चिखलाने भरल्या की टायर गुळगुळीत होतो. मग दोन फिरले काय आणि चार फिरले काय. ज्याच्या बैलाला तपासायला निघालो होतो, तोच दुसऱ्याची बैलजोडी मागून घेऊन आला. चाकांखाली कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या टाकल्या, दोरखंड बांधला, आणि साठी ओलांडलेला तो माणूस बैलांशी जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. जीप निघाली. दोरखंड सोडता सोडता त्याने विचारलं, "डाक्टर, हे लोखंडाची घेतली, त्यापरीस एक जोडी काऊन नाही घेतली?"

तेव्हापासून चाकोरी सोडून चालवतो. पांदणीच्या तोंडाशी टायरची हवा थोडी कमी करतो, लो रेंज (वेग कमी, जोर जास्त) टाकतो, दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू, ब्रेक न लावता. परत डांबराला लागलो की आधी हवा भरायची आणि फोर बाय फोर काढायचं. माझ्या गाडीसारख्या साध्या व्यवस्थेत पुढचा-मागचा शाफ्ट जखडलेला असतो. कोरड्या डांबरावर तसंच वळवलं तर टायर घासतात, गिअरपेटीवर ताण येतो. तरी महामार्गावर फोर बाय फोरचा दांडा ओढून ऐट मारणारे भेटतात. त्यांना मी काही सांगत नाही.

नाल्याला पूर असेल तर मात्र ही गाडी काही कामाची नाही. वाहत्या पाण्याने गाडी उचलली की चारही चाकं फुकट. मागच्या वर्षी नाल्याच्या अलीकडच्या काठावर दोन तास बसून राहिलो. पलीकडे म्हैस अडलेली होती. पाणी उतरेपर्यंत गावातल्या एका बाईने स्वतःच रेडकू ओढून काढलं होतं, तेही जिवंत. मला फक्त म्हशीची वार (झार) पडली का ते बघायचं काम उरलं.

कृत्रिम रेतनाच्या कांड्या (वीर्याच्या बारीक नळ्या) ठेवायचं द्रवरूप नायट्रोजनचं भांडं मागच्या सीटला बांधलेलं असतं. आत उणे 196 अंश, बाहेर मे महिन्यात 45. त्या कापडाखाली मी मधेच कुठेतरी.

आणि हो, मौज. ती नाही म्हटलं तर खोटं होईल. रविवारी टप काढतो, पोरं मागे उभी राहतात, सागाच्या कडेकडेने जाणाऱ्या गावरस्त्याने फिरून येतो. जंगलात घालत नाही. ते वाघाचं घर आहे. जवळच्याच टिपेश्वर अभयारण्यातून 2019 साली एक तरुण वाघ निघाला आणि फिरत फिरत 1300 किलोमीटर चालून बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याला कोणी ॲव्हरेज विचारलं नाही. बायको या फेऱ्यांना दोनदा आली. पाट्यांच्या स्प्रिंगने तिची पाठ धरली, तेव्हापासून ती म्हणते, तुम्ही गुरांचे डॉक्टर, माझ्यासाठी माणसांचा बघून ठेवा.

परवडते का? दवाखान्याच्या वहीत बघितलं तर नाही. वर्षातले आठ महिने मोटरसायकल पुरली असती, आणि डिझेलचे पैसे मी फीमध्ये लावू शकत नाही. ज्याची गाय मरणाला टेकलीय त्याच्याकडून काय लावणार? घ्यायचीच असेल तर शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर चालवून ठरवू नका. आषाढात इकडे या. पांदण दाखवतो, स्टिअरिंग तुमच्या हातात देतो. जुने कपडे घालून या, आणि बैलवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवायला मला फोन करा.