हान्सानचे मोशी विणकाम

आज आमच्या गटाने दक्षिण कोरियातील सोचॉन येथे हान्सान मोशी, म्हणजे रॅमी या वनस्पतीच्या सालीपासून विणले जाणारे तलम कापड, कसे तयार होते ते पाहिले. या विणकामाचा युनेस्कोने २०११ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. मागापेक्षाही माझे मन गुंतले ते त्याआधीच्या कामात, कारण ज्येष्ठ कारागीर स्त्रिया सालीचे तंतू चक्क दातांनी चिरून केसासारखे बारीक करतात आणि मग उघड्या गुडघ्यावर लाळेच्या ओलाव्याने वळून त्यांची टोके जोडतात. कोरड्या हवेत धागा तुटतो, म्हणून विणकाम दमट हवेतच चालते. इतक्या कष्टाच्या कापडाचे उरलेले तुकडेही जपले जातात. ते जोडून शिवलेल्या जोगाकबो या वस्त्राची शिवण दोन्ही बाजूंनी सारखीच नेटकी असते.