समासातली मंडळी

वहीच्या डाव्या बाजूला सोडायच्या कोऱ्या पट्टीला समास म्हणतात, हे शाळेत बाईंनी शिकवलं. त्यात काही लिहायचं नसतं, हे पट्टी हातावर मारून शिकवलं. पुढे मला आयुष्यातली पहिली 'फॅन' मंडळी भेटली ती नेमकी या निषिद्ध पट्टीतच.

डोंबिवलीतलं आमचं वाचनालय एका चाळीच्या तळमजल्यावर होतं. भयकथाकार नारायण धारपांच्या पुस्तकांना तिथे नंबर लागायचे. खाकी कव्हर, कण्यावर शाईने टाकलेला आकडा, कोपरे मऊ पडलेले. आठवीत असताना असंच एक पुस्तक रात्री पांघरुणात वाचत होतो. पान ३९. समासात शिसपेन्सिलीने सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'इथेच थांबा. पुढचं सकाळी वाचा.' त्याखाली बॉलपेनाने, पान फाटेल इतक्या जोरात, 'भित्रा!' आणि त्याच्याही खाली, जागा उरली नव्हती म्हणून पानाच्या तळाशी वळवून, बारीक तिरक्या अक्षरात, 'सकाळी वाचलं. काही फरक पडत नाही.'

मी थांबलो. सकाळी वाचलं. तिसऱ्या माणसाचं बरोबर होतं.

पुस्तक परत करताना ग्रंथपाल काका पानं फडफडवून बघायचे आणि शेरे दिसले की ड्रॉवरमधून खोडरबर काढायचे. पेन्सिलीचं सगळं खोडलं जायचं, बॉलपेनाचं काही जायचं नाही. पुढच्या वर्षी तेच पुस्तक पुन्हा आणलं, तेव्हा पान ३९ वर एकटा 'भित्रा!' उरला होता. सूचना गेली, समर्थन गेलं, शिवी राहिली. माझ्यानंतर ते पान उघडणाऱ्या प्रत्येकाला ती आपल्यालाच वाटली असणार.

आम्ही कुणी स्वतःला चाहते म्हणवत नव्हतो. चाहते गावसकरचे असायचे, नाहीतर नटनट्यांचे. फॅन म्हणजे पंखा, आणि 'मी तुमचा मोठा पंखा आहे' हा विनोद तेव्हाही जुनाच होता. भुताखेताचं, परग्रहाचं, काळयंत्राचं वाचणारा माणूस फक्त आवाज खाली आणून विचारायचा, 'वाचलंस का ते?' समोरच्याचे डोळे चमकले की काम झालं. नाही चमकले, तर विषय बदलून दहावीच्या मार्कांवर यायचं.

पुष्कळ वर्षांनी समजलं की अमेरिकेतही हे प्रकरण असंच, पानाच्या कडेकडेने सुरू झालं होतं. १९२६ साली ह्यूगो गर्न्सबॅक यांनी न्यूयॉर्कमध्ये 'अमेझिंग स्टोरीज' हे निव्वळ विज्ञानकथांचं मासिक काढलं. वाचकांची पत्रं छापताना खाली पूर्ण पत्ताही छापायची तिथे पद्धत पडली. झालं! कुठल्याशा गावात एकटाच वाचत बसलेल्या पोराला कळलं की चार गावं सोडून आपल्यासारखाच एक वेडा राहतो, आणि त्याचा घरनंबरही हा इथे आहे. संपादकांना लिहिलेली पत्रं एकमेकांना जाऊ लागली. पत्रांची मंडळं झाली, मंडळांची चक्रमुद्रित, म्हणजे सायक्लोस्टाइल केलेली, नियतकालिकं झाली. आपल्याकडच्या अनियतकालिकांसारखीच ती हाताला शाई लावणारी, आणि कधी निघतील ते कुणी सांगू नये अशी. त्यांच्या पानापानांत मुद्राराक्षसाचा वावर. पन्नासच्या दशकात कुणाच्या तरी हातून लोकसंगीतातलं 'फोक' हे 'फिल्क' असं टंकलं गेलं, आणि मंडळींना ते इतकं आवडलं की विज्ञानकथावेड्यांच्या गाण्यांना आजतागायत 'फिल्क'च म्हणतात. चूक दुरुस्त करण्यापेक्षा तिचं बारसं करणारे लोक मला आपले वाटतात.

मग संमेलन आलंच. जुलै १९३९, न्यूयॉर्क, पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन, माणसं सुमारे दोनशे. आयोजकांशी पटत नव्हतं म्हणून त्यातल्या सहा जणांना दारातच अडवलं गेलं. हे वाचलं आणि माझा जीव भांड्यात पडला. पहिल्याच संमेलनात वाद, म्हणजे ही माणसं मंगळाची वगैरे नव्हेत, आपल्याच गोत्रातली. त्याच संमेलनात फॉरेस्ट अॅकरमन नावाचा बाविशीतला पोरगा आणि त्याची मैत्रीण मर्टल डग्लस भविष्यकाळातले कपडे घालून हिंडले. कपडे तिने शिवले होते. बाकी सगळे साध्या शर्टपँटीत, आणि मधून ही दोघं झगा फडकावत चाललेली. पुढे ऐंशीच्या दशकात जपान्यांनी अशा वेषांतराला 'कॉसप्ले' हे सुटसुटीत नाव दिलं, आणि आता जगभर ते रुळलं आहे. तो पहिला पोशाख शिवणाऱ्या बाईंचं नाव मात्र मागे पडलं, अॅकरमनचंच जास्त गाजलं. यातही परकं काही नाही म्हणा.

आपल्याकडे दारात अडवण्याइतकी गर्दी कधी झाली नाही. आपल्याकडे स्पर्धा झाली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या अनोळखी गृहस्थांच्या 'कृष्णविवर' या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. जगतापांची आद्याक्षरं उलटी वाचली की जयंत विष्णू नारळीकर निघतात. आपलं नाव बघून बक्षीस मिळायला नको, म्हणून त्यांनी टोपणनाव घेतलं होतं. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाने स्पर्धेत गुपचूप कथा पाठवावी, हे मला त्याच्या सगळ्या संशोधनाइतकंच आवडतं. २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाला तेच अध्यक्ष होते. विज्ञानकथा स्पर्धेच्या खिडकीतून शिरली आणि सत्तेचाळीस वर्षांनी थेट अध्यक्षपदापर्यंत पोचली.

नारळीकरांकडे मुलं सही मागायला गेली की ते म्हणायचे, सही नाही, विज्ञानातला एक प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा. उत्तर पाठवीन, त्याखाली सही असेलच. आज मोठ्या पॉप-संस्कृती मेळ्यांत सहीला तिकीट असतं, फोटोला वेगळं, दोन्ही एकत्र घेतलं तर थोडी सूट. पोस्टकार्डाला पंधरा पैसे पडायचे, पण प्रश्न स्वतःला सुचावा लागायचा. मी ते कार्ड कधीच पाठवलं नाही. आठ दिवस विचार करून जो प्रश्न सुचला, त्याचं उत्तर पाठ्यपुस्तकात होतं.

धारपांचं आणखी वेगळं. २०१८ च्या 'तुंबाड' या हिंदी सिनेमाचं मूळ शोधत गेलं, तर दिग्दर्शक राही अनिल बर्वे १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात गेले असताना एका मित्राने त्यांना धारपांची एक कथा सांगितली, तिथे जाऊन पोचतं. सांगितली बरं का, वाचायला दिली नाही. जंगल, काळोख, आणि 'पुढे काय झालं माहितीय का' म्हणणारा मित्र! धारपांना याहून चांगला नेपथ्यकार मिळाला नसता. सिनेमा पहिल्यांदा आला तेव्हा बेताचा चालला, २०२४ मध्ये पुन्हा लावला तेव्हा थिएटरं भरली. मधल्या सहा वर्षांत कितीजणांनी कितीजणांना 'बघितलास का तो?' असं आवाज खाली आणून विचारलं असेल.

हल्ली मी पुष्कळसं किंडलवर वाचतो. तिथे एखाद्या वाक्याखाली बारीक ठिपक्यांची रेघ येते आणि ते किती जणांनी अधोरेखित केलंय तो आकडा येतो. आकडा कधी हजारात असतो. पण त्या हजारांतला एकही मला भित्रा म्हणत नाही.

गेल्या वर्षी भाचीने मुंबईतल्या एका कॉमिक मेळ्यासाठी चिलखत करायला घेतलं. पंधरा दिवस ताईच्या घरात फोमच्या शीट, कटर आणि ग्लू गनचा वास. फोमला उष्णता दिली की तो हवा तसा वळतो. हीट गन नव्हती, म्हणून ती ओट्याशी उभी राहून खांद्याचा तुकडा गॅसवर लांबून शेकत होती, पापडासारखा, उलटसुलट. ताई ओरडली, 'पोळ्यांना गॅस मोकळा कर आधी!' मी विचारलं, एवढं करून पात्र कुठलं? तिने सांगितलं. मला काही कळलं नाही. तिलाही ते कळलं आणि तिने दया येऊन विषय बदलला. थेट दहावीच्या मार्कांवर नाही, पण जवळपास तिथेच.

मेळ्याच्या दिवशी तिला सोडायला गेलो. लोकलच्या गर्दीत चिलखत चेपू नये म्हणून ते दोन मोठ्या पिशव्यांत भरलेलं, पिशव्या माझ्या मांडीवर. हॉलबाहेर तिच्या तीन मैत्रिणी वाट बघत होत्या. भिंतीच्या कडेला बसून त्यांनी तिला चढवायला सुरुवात केली. एक पट्टे ओढतेय, दुसरी निघालेला तुकडा गोंदाने चिकटवतेय, तिसरीच्या तोंडात सेफ्टी पिना. मी खांद्याचा भाग हातात धरून उभा होतो. बाहेरून चंदेरी रंग, ओरखडे, युद्धात बसलेत असं वाटणारे. उलटा करून पाहिला. आत काळा फोम आणि त्यावर पांढऱ्या पेन्सिलीने भाचीच्या अक्षरात मापं, बाण, आणि 'डावा'.

त्याखाली दुसऱ्याच कुणाच्या तरी गोल अक्षरात लिहिलं होतं, 'उजवा आहे, बावळट.'