‘बक’ची नोंद: पोकरचं आणि डॉलरचं गोत्र जुळेना

इंग्रजी वाक्प्रचारांच्या मराठी कोशातले ‘बीफ’ आणि ‘ब्रेड’ हातावेगळे झाले, ‘बक’ (मूळ अर्थ नर हरण) मात्र अडून बसलाय. बेत असा होता की एकाच शीर्षशब्दाखाली सगळे वाक्प्रचार ओवायचे: हरणाच्या शिंगाच्या मुठीचा चाकू पोकर या पत्त्यांच्या खेळात वाटपाची पाळी दाखवायला ठेवत, म्हणून ती खूण ‘बक’, पुढे चाकूच्या जागी चांदीचा डॉलर आला, म्हणून डॉलरही ‘बक’. साखळी देखणी आहे आणि जिकडेतिकडे छापलेली सापडते. दाखल्यांच्या चिठ्ठ्या तारखेनुसार लावल्या आणि ती तुटली.

1748 मध्ये कॉनराड वायझर हा पेनसिल्व्हेनिया वसाहतीचा दुभाषा ओहायो खोऱ्यात होता. त्याच्या रोजनिशीत व्हिस्कीच्या पिंपाचा भाव पाच ‘बक्स’ असा आहे. इथे ‘बक’ म्हणजे हरणाचं कातडं, हिशोबाचं एकक. 1856 मध्ये सॅक्रामेंटोच्या एका वर्तमानपत्रात मारहाणीबद्दल वीस ‘बक्स’ दंड झाल्याची बातमी येते, आणि तिथे अर्थ सरळ डॉलर. पोकरमधला ‘बक’ छापील दाखल्यात दिसतो तो 1865 ला. म्हणजे डॉलर आधी, डावातली खूण नंतर. नऊ वर्षांच्या फरकावर एकट्याने निकाल देता येत नाही. बोलीतला शब्द छापखान्यात उशिराच पोचतो. पण पलीकडे 1748 चं कातडं उभं असल्यावर पारडं झुकतंच. आता डॉलरची वाट कातड्याकडून, पोकरची वेगळी.

खरी डोकेदुखी 1748 ते 1856 या मधल्या पट्ट्याची. कातड्याचा ‘बक’ नोटेचा कधी झाला हे दाखवणारा पूल हवा, आणि तिथे जुन्या वर्तमानपत्रांचा शोध अक्षरशः गाळात रुततो. पहिला अडसर भूगोलाचा. पेनसिल्व्हेनियातच ‘बक्स काउंटी’ आहे, त्यामुळे नेमक्या हव्या त्या प्रदेशात ‘बक्स’ टाकलं की जमिनीच्या विक्रीच्या जाहिराती धो धो येतात. ‘काउंटी’ शब्द वगळला तरी पत्त्यात नुसतं ‘बक्स’ लिहिणारे उरतातच. दुसरा अडसर जनावरांचा: मेंढा, बोकड, नर ससा, सगळेच ‘बक’. तिसरा छपाईचा. अठराव्या शतकात शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला ‘एस’ लांबुडका छापत, छापील पान वाचणाऱ्या यंत्राला तो ‘एफ’ वाटतो. म्हणून ‘बकस्किन’ शोधताना ‘बकफ्किन’ही टाकावं लागतं, शेवटचा ‘एस’ साधाच असल्याने ‘बक्स’ वाचतो. शिवाय अस्पष्ट छपाईत ‘डक्स’ आणि ‘बॅक्स’ही ‘बक्स’मध्ये मिसळतात ते वेगळंच.

सध्या चालतंय ते असं: ‘बक्स’च्या आधीच्या तीन शब्दांत संख्या हवी आणि पुढच्या दहा शब्दांत कातडी, रम, दारूगोळा किंवा ‘फाइन’ (दंड) यांपैकी काहीतरी. ‘फाइन’ घातल्यावर कोर्टाच्या बातम्या वर येतात, आणि डॉलरचा अर्थ तिथेच मिळण्याची शक्यता जास्त. लायब्ररी ऑफ काँग्रेसचा वर्तमानपत्रांचा फुकट संग्रह यासाठी उत्तम, कारण पानाचं चित्र समोर असतं. पुस्तकांतल्या शब्दांचा वापर वर्षानुसार दाखवणाऱ्या गूगल एनग्रामच्या आलेखावर मात्र तारखेसाठी विसंबू नका. नियतकालिकांचे पुढचे अंक पहिल्या अंकाच्या वर्षावर टाकलेले सापडतात, आणि 1820 चा ‘शोध’ उघडून पाहावा तर 1920 चा निघतो.

‘सॉबक’ची चिठ्ठी मात्र मस्त जमली. लाकूड कापायच्या घोडीचे पाय इंग्रजी ‘एक्स’सारखे, दहा डॉलरच्या जुन्या नोटेवर रोमन दहाचा तोच ‘एक्स’, म्हणून दहाची नोट ‘सॉबक’. शब्द डच ‘झागबोक’वरून, आणि ‘बोक’ म्हणजे बोकड. ती आता स्वतंत्र शीर्षशब्द.

हे लिहिता लिहिता वेगळीच कल्पना सुचली: व्युत्पत्तीवर फांद्या पाडण्याऐवजी वाक्यातल्या साच्यावर पाडाव्यात. ‘द बक’, एकवचन, सोबत ‘पास’ किंवा ‘स्टॉप्स’: जबाबदारी. ‘अ बक’, ‘बक्स’, आधी संख्या किंवा ‘बिग’, ‘क्विक’: पैसा. कर्म घेणारं क्रियापद, ‘बक द ट्रेंड’, ‘बक द सिस्टिम’: आडवं जाणं, बिथरलेल्या घोड्यासारखं. वाचणाऱ्याला यात आधी उत्तर मिळतं, इतिहास नंतर. नियम एका जागी फसतो, ‘बँग फॉर द बक’मध्ये. तिथे ‘द’ असूनही अर्थ पैसाच. म्हणून ‘फॉर’ आधी तपासायचा, मग ‘द’.

मराठी बाजूला ‘पास द बक’ला ‘टोलवाटोलवी’ घट्ट बसतं. ‘चालढकल’ नको, त्यात काम पुढे जातं, माणूस बदलत नाही. ‘बँग फॉर द बक’ म्हणजे ‘पैसा वसूल’, जरी ते 1950 च्या दशकात अण्वस्त्रांच्या खर्चावरून गाजलं असलं तरी. ‘बिग बक्स’समोर ‘बक्कळ पैसा’ लिहिताना हात शिवशिवतो, पण नातं नाही. चिठ्ठीवर लाल खूण करा, नाहीतर कुणीतरी व्युत्पत्ती म्हणून पुढे ढकलेल. ‘द बक स्टॉप्स हिअर’ अजून मराठीत अडलंय. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या टेबलावरची ही पाटी ओक्लाहोमातल्या एल रीनोच्या सुधारगृहात बनलेली, ऑक्टोबर 1945 मध्ये त्यांना पाठवलेली; मागच्या बाजूला ‘आय एम फ्रॉम मिसूरी’. ‘जबाबदारी माझी’ म्हटलं की टोलवाटोलवीचा खेळ गळतो. ‘यापुढे टोलवणं नाही’ हे त्यातल्या त्यात बरं.

‘बक अप’ला वेगळी पेटी लागेल. ऐटबाज तरुणाला ‘बक’ म्हणत, त्यावरून आधी नटणं आणि मग उभारी धरणं. आपल्याकडे शाळेच्या क्रीडादिनी धावणाऱ्याला ‘बक अप!’ ओरडतात, आणि शहरांत ‘पन्नास बक्स’ म्हणजे पन्नास रुपये. ही दोन्ही भारतीय इंग्रजीतली वापराची उदाहरणं छापील मजकुरातून हवीत, शक्य तितकी जुनी. शाळांचे वार्षिक अंक आधी चाळायचे.