पहिलं पाणी

"अगं, ओतून काय देतेस? पहिलं पाणी ते!"

आईचा हात माझ्या मनगटापाशी येऊन थांबला, पण तोवर उशीर झाला होता. वाटीतलं काळंभोर पाणी मी खालच्या ताटात ओतून मोकळी झाले होते. बाहेर क्वालालंपूरचा दुपारचा पाऊस कोसळत होता. आई महिनाभरासाठी माझ्याकडे आली होती आणि आल्यापासून माझ्या संसारातल्या बऱ्याच गोष्टी तिनं पोटात घातल्या होत्या. ही मात्र तिला गिळवेना.

"पानं धुऊन घेतात गं. दहा-बारा वर्षं टोपलीत पडून असतात ना."

"मग साध्या पाण्यानं धुवावीत. चहा करायचा आणि ओतून द्यायचा..." पुढचं वाक्य तिनं पदराला पुसलं.

या चहाचं नाव लिऊबाओ. 'लिऊ' म्हणजे सहा आणि 'बाओ' म्हणजे गढी. दक्षिण चीनमधल्या ग्वांगशी भागात वूचौ नावाचं शहर आहे, त्याच्या आसपासच्या डोंगरांतला हा चहा. पानं तोडायची, कढईत परतायची, मळायची, वाळवायची. इथवर नेहमीचंच. पुढे मात्र त्या पानांवर पाणी मारून ढीग रचतात आणि ढिगाला आतून ऊब धरू देतात. शेणखताच्या खड्ड्यात कधी हात घातला असेल तर ती ऊब कळेल. तिथे सूक्ष्मजीव आठवडे न् आठवडे राबतात आणि पानाचा कडवटपणा मोडून काढतात. मग पानं वाफवून बांबूच्या मोठाल्या टोपल्यांत ठासून भरायची आणि मुरू द्यायची. वूचौमध्ये या टोपल्या आधी गार भुयारात नि मग लाकडी कोठारात ठेवण्याची रीत आहे. आईला मी एवढंच सांगितलं की लोणच्यासारखा आहे, मुरतो. ते तिला लगेच पटलं.

आपल्या रोजच्या चहालाही लोक 'आंबवलेला' म्हणतात, पण तिथे जंतूंचा काही हात नसतो. चुरगळलेल्या पानाचा रस हवेशी भिडतो आणि पान तांबडं पडतं, बस. चिनी माणूस त्याला लाल चहा म्हणतो. 'काळा चहा' हे नाव त्यानं लिऊबाओसारख्या मुरलेल्या मंडळींसाठी राखून ठेवलंय. यांच्यातला नामवंत म्हणजे युन्नानचा पुअर. त्याच्या दाबून केलेल्या चकत्यांवर लोक पैसे लावतात, आणि 2007 साली त्याचे भाव आभाळाला टेकून धाडकन खाली आले. लिऊबाओच्या नशिबी तेवढा डामडौल आला नाही. म्हणून तर तो माझ्या घरात आहे.

मला तो मिळाला इथल्याच, मलेशियातल्या इपोहला, एका जुन्या दुकानात. काउंटरमागे साठी-पासष्टीच्या बाई होत्या, आणि त्यांच्या मागे पत्र्याच्या डब्यांची उतरंड. इपोह हे कथलाच्या खाणींचं गाव. एकोणिसाव्या शतकात दक्षिण चीनमधून माणसं बोटीत भरभरून इथल्या किंटा खोऱ्यात आली, कमरेएवढ्या पाण्या-चिखलात उभी राहून कथील उपसू लागली. त्यांच्या पाठोपाठ हा चहा आला. टोपल्या वूचौहून नदीनं कँटनला, तिथून हाँगकाँग, तिथून मलाया, म्हणजे आताचा हा मलेशिया. अंगात मुरलेला दमटपणा नि उष्मा हा चहा काढतो अशी त्यांची श्रद्धा होती. मोठ्या किटलीत मूठभर टाकायचा आणि दिवसभर प्यायचा. 1985 साली कथलाचा जागतिक बाजार कोसळला, खाणी बसल्या, आणि कोठारांत राहिलेल्या जुन्या टोपल्यांना पुढे शौकिनांनी शोधून काढलं. त्या टोपल्यांतल्या चहाची किंमत विचारायचं धाडस मी केलं नाही. बाईंनीच माझ्याकडे एकदा वरून खाली पाहिलं आणि एक साधा डबा काढला.

शंभर ग्रॅमचे चाळीस रिंगिट, म्हणजे आठशे रुपयांच्या आसपास. एका बैठकीला पाच ग्रॅम लागतो, त्यात बारा पाणी निघतात. आईनं मनात हिशेब केला. "घोटभर पेला, पण सव्वातीन रुपयांना पडला. टपरीवरचं कटिंग महाग मग." ओतून दिलेल्या पाण्याचेही सव्वातीन रुपये तिनं त्यात धरले असणार, तोंडावरून कळत होतं.

करायची पद्धत सोपी. गायवान म्हणजे झाकण नि बशी असलेली, बिनकानाची छोटी वाटी. तिच्यात पानं टाकायची, खळखळ उकळतं पाणी ओतायचं, दहा आकडे मोजायचे आणि झाकण तिरकं धरून सगळं पाणी पेल्यांत काढायचं. बोटं भाजतात. पहिले काही दिवस भाजतातच, मग तुमची बोटं शहाणी होतात किंवा निबर होतात.

धुण्यानंतरच्या पहिल्या पाण्याला मे महिन्यात गावचं बंद घर उघडल्यावर येतो तो वास होता. ओली भिंत, लाकडी पेटी, कोपऱ्यातलं गोणपाट. मी पहिल्यांदा प्यायले तेव्हा फसवलं आपल्याला, असंच वाटलं होतं. आईनं एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. "साखर?" नाही म्हटल्यावर तिनं सुस्कारा टाकला आणि पुन्हा उचलला.

दुसऱ्या-तिसऱ्या पाण्याला रंग असा दाट येतो की पेल्याचा तळ दिसत नाही. बघणाऱ्याला वाटावं, काढा आहे, जीभ आता कडू होणार. ती होत नाही. उलट घोट जिभेवरून तेलासारखा सरकतो आणि गेल्यावर मागे खारकेसारखं काही ठेवून जातो. गोड म्हणवत नाही, पण गोडाच्या शेजारचं आहे. या दोन पाण्यांवर मी खूप बोलू शकते, आणि बोलले. आई ऐकत होती की पाऊस बघत होती, कोण जाणे.

चौथ्या पाण्याला किटली उचलली तशी ती म्हणाली, "अजून? चोथा झाला की त्याचा."

"आत्ता कुठे उघडतायत पानं."

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आमच्याकडे दुसऱ्या पाण्याचा चहा असायचा."

म्हणजे सासरी, आमच्या जुन्या घरी. सकाळी मोठ्या पातेल्यात चहा व्हायचा, तो आजोबांना, काकांना, आल्यागेल्याला. मग गाळणीतला चोथा पुन्हा पातेल्यात, वर पाणी, चिमूटभर नवी पूड, गूळ असला तर गूळ. तो गड्यांना, आणि उरेल तो आईला नि मोठ्या काकूला. "चुलीपाशी उकिडवं बसून प्यायचो. जाऊबाई म्हणायच्या, चहा नव्हे गो, चहाची आठवण." हे सांगताना ती हसत होती. मला ही गोष्ट पंचेचाळीस वर्षांत कधी कळली नव्हती. मी पाणी ओतलं, या वेळी वीस आकडे मोजले.

आता सुपारीचं. लिऊबाओ पिणारी चिनी माणसं एका वासासाठी जीव टाकतात, त्याला ती 'बिंगलांग'चा सुगंध म्हणतात. बिंगलांग म्हणजे सुपारी. चांगल्या, मुरलेल्या लिऊबाओची हीच खूण. हे मी वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं, कारण मी कोकणातली, आणि इतके महिने चहा पिऊन मला त्यात सुपारी काही सापडली नव्हती. लाकूड सापडलं, माती सापडली, एकदा तर कापूर सापडला. सुपारी नाही. पण मी मुंबईत वाढले. सुपारीशी माझी ओळख लग्नाच्या पुड्यातली.

आईचं माहेर श्रीवर्धनचं. सुपारीची वाडी होती त्यांची. शेंदरी फळं अंगणात पसरायची, महिना-दीड महिना उन्हात वाळवायची, मग सोलायची. सोलण्यात तिचं अर्धं बालपण गेलं. मी तिला आधी काहीच सांगितलं नाही. सहावं पाणी पिऊन झाल्यावर रिकामा पेला तिच्या पुढे केला. "वास घे. चहाचा नको, पेल्याचा घे."

तिनं पेला नाकाशी धरला. दूर नेला. परत धरला.

"सुपारी कुठून आली?"

मी खुर्चीतून उठलेच. "खरंच येतोय?"

"येतोय म्हणजे? पण ओली नाही. अंगणात वाळत घातलेलीही नाही." डोळे मिटून तिनं आणखी एकदा हुंगलं. "पोत्यातली. पावसाआधी सोलायची राहिली की सालासकट पोत्यात भरून माळ्यावर टाकायचे. गणपतीत पोतं उघडलं की हा वास. बुरशी नाही हं. पोतं."

मी पेला घेतला, नाक घातलं, श्वास ओढला. मला पुन्हा लाकूडच आलं. आईनं पेला काढून घेतला आणि म्हणाली, "तुला नाही यायचा."

त्यानंतर चहाची सूत्रं तिच्याकडे गेली. सातवं, आठवं, नववं पाणी तिनंच ओतलं, आकडे तिनंच मोजले, आणि प्रत्येक पाण्याला पिण्याआधी पेला हुंगला. आठव्याला वास गेला म्हणाली, नवव्याला परत आला म्हणाली. मी मान डोलावत होते. चव आता पातळ होत चालली होती, रंग उतरून विटेचा झाला होता. दहाव्याला पानं पाच मिनिटं तशीच पाण्यात ठेवली तेव्हा जे निघालं ते भाजल्या तांदळाच्या पेजेसारखं होतं. मला या चहात सगळ्यात जास्त हेच पाणी आवडतं, हे मी चार जाणकारांत सांगणार नाही. मधल्या दाट पाण्यांचं कौतुक करायचं असतं.

अकरावं नि बारावं आम्ही बोलता बोलता संपवलं. त्यांच्याबद्दल काही आठवत नाही. पाऊस थांबला होता.

वाटीतली पानं मी केराच्या डब्याकडे नेत होते. आईनं वाटी माझ्या हातातून घेतली, पानं छोट्या पातेल्यात टाकली, वर दोन कप पाणी घातलं आणि गॅस पेटवला. चिनी लोकही शेवटी असंच करतात, उरलेली पानं उकळून पितात, हे तिला सांगायची गरज नव्हती. उकळी आली तशी वास स्वयंपाकघरभर झाला. तिनं दोन कपांत गाळला, एक माझ्याकडे सरकवला, आणि ओट्याला टेकून प्यायला लागली.

"किती राहिलाय हा?" डब्याकडे बघत तिनं विचारलं.

"अर्ध्याहून जास्त."

"थोडा बांधून दे. जाऊबाईंना नेते." मग जरा थांबून म्हणाली, "आणि पहिलं पाणी ओतून द्यायचं हे मी सांगेन त्यांना. तू नको सांगूस."