तुम्ही विचारलंत म्हणून : कॅडेटांचे उस्ताद कुठून येतात

महाविद्यालयात एनसीसीची नावनोंदणी सुरू झाली की पालक आणि नवे विद्यार्थी मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारतात. मैदानावर जे शिकवतात ते खरोखर सैन्यातले असतात का, असतील तर तिथे त्यांनी नेमके काय काम केलेले असते, आणि त्यांनी लढाई पाहिलेली असते का? मी महाविद्यालयात विषय शिकवतो आणि त्याबरोबर एनसीसीच्या कंपनीची, म्हणजे कॅडेटांच्या तुकडीची, जबाबदारी सांभाळतो, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मी आजवर उभ्या उभ्या, थोडे थोडे देत आलो आहे. ते नीट लिहावेसे वाटले याचे कारण असे की, ज्या माणसाचा कॅडेटवर सर्वांत जास्त परिणाम होतो, त्याच्याविषयीच आपल्याला सर्वांत कमी माहिती असते.

गणवेश सगळ्यांच्याच अंगावर असतो, म्हणून घोटाळा होतो. खाकी गणवेशातला मी सैनिक नाही. मी प्राध्यापक आहे आणि माझे कमिशन, म्हणजे अधिकारीपदाची नेमणूक, एनसीसीपुरते आहे. आमच्या बटालियनचे कमांडिंग ऑफिसर मात्र भूदलाचे नियमित अधिकारी असतात, बहुधा कर्नल किंवा लेफ्टनंट कर्नल, आणि सैन्यातला बराच मोठा काळ मागे टाकूनच ते या पदावर येतात. त्यांच्या हाताखाली अनेक महाविद्यालये आणि शाळा असल्यामुळे कॅडेटला ते मुख्यतः वार्षिक शिबिरात आणि तपासणीच्या दिवशी दिसतात. दर आठवड्याला मैदानावर उभा असतो तो पीआय स्टाफ, म्हणजे सैन्याकडून प्रशिक्षणासाठी पाठवलेले हवालदार, नायब सुभेदार, सुभेदार. नौदल विभागात त्यांच्या जागी पेटी ऑफिसर असतात आणि हवाई विभागात सार्जंट किंवा वॉरंट ऑफिसर. मुले हवालदाराला ‘उस्ताद’ म्हणतात आणि सुभेदाराला ‘साहेब’. तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर या उस्तादांमध्ये आहे.

हे उस्ताद निवृत्त झालेले नसतात. ते आपल्या मूळ पलटणीतून दोन-तीन वर्षांच्या नेमणुकीवर येतात आणि मुदत संपली की पुन्हा सैन्यात परततात. हवालदार होण्याआधी त्यांनी शिपाई, लान्स नायक आणि नायक म्हणून वर्षे काढलेली असतात, पदोन्नतीच्या परीक्षा दिलेल्या असतात आणि वेगवेगळे कोर्स केलेले असतात. पायदळातील हवालदार हा साधारणपणे दहा जणांच्या सेक्शनचा प्रमुख असतो. त्या दहा जणांची शस्त्रे, पाणी, पायांचे फोड, रात्रीचा पहारा आणि प्रत्यक्ष गोळीबारात त्यांची हालचाल, हे सगळे त्याच्याकडे असते. म्हणूनच मला तो कॅडेटसाठी योग्य शिक्षक वाटतो. वीस वर्षांच्या मुलाला ब्रिगेड कशी हलवायची हे समजून काय करायचे आहे? त्याच्या वाट्याला पहिली जबाबदारी येणार ती आठ-दहा जणांचीच, मग तो पुढे सैन्यात जावो, कारखान्यात जावो किंवा तहसील कचेरीत. ती जबाबदारी रोज पार पाडलेला माणूस त्याच्यासमोर उभा असतो.

हे उस्ताद सैन्याच्या सगळ्याच अंगांतून येतात, आणि कोण कुठून आला आहे हे त्यांच्या शिकवण्यातून लवकरच कळते. पायदळाचा हवालदार फील्डक्राफ्ट, म्हणजे जमिनीच्या आडोशाने लपण्याचे आणि सरकण्याचे कौशल्य, शिकवू लागला की जमिनीकडे बोट दाखवतो; कोणत्या चरातून पुढे सरकता येईल, कोणत्या झुडपामागे माणूस लपेल पण गोळी अडणार नाही, हे तो पुस्तक न उघडता सांगतो. तोफखान्यातून आलेले साहेब नकाशा शिकवतात तेव्हा कॅडेटने काढलेला ग्रिड संदर्भ थोडा जरी चुकला तरी ते पुढे जात नाहीत. तोफेला समोरचे लक्ष्य दिसत नसते. तिची स्वतःची जागा आणि लक्ष्याची जागा नकाशावर अचूक असेल तरच गोळा योग्य ठिकाणी पडतो, आणि आपलेच सैन्य पुढे असते. ही जाणीव ज्याच्या हाडात मुरली आहे तो माणूस प्रिझमॅटिक कंपास, म्हणजे दिशा मोजण्याचे होकायंत्र, हातात देतानाच वेगळ्या गांभीर्याने देतो. सिग्नल्सचा हवालदार संदेश थोडक्यात आणि स्पष्ट कसा द्यावा यावर भर देतो, तर इंजिनिअर्समधला दोरीच्या गाठींवर आणि अडथळे पार करण्यावर. अभ्यासक्रम सगळ्यांना सारखाच असतो, तरी एखाद्या महाविद्यालयाच्या तुकडीची कोणती बाजू पक्की होणार हे त्या वर्षी कोण उस्ताद आले यावर पुष्कळ अवलंबून असते. मुलांना पहिल्याच आठवड्यात मी सांगतो की उस्तादांची मूळ पलटण कोणती हे आदराने विचारून घ्या आणि त्यांच्याकडून ते विशेष शिका.

आता लढाईचा प्रश्न. बहुतेक उस्तादांच्या सेवेत नियंत्रण रेषेवरच्या, जम्मू-काश्मीर किंवा ईशान्य भारतातल्या, अतिउंच प्रदेशातल्या नेमणुका झालेल्या असतात. त्यांच्या छातीवरच्या रंगीत फिती वाचता आल्या तर निम्मे उत्तर न विचारताच मिळते. सियाचीन ग्लेशियर पदक, उंच प्रदेशातल्या सेवेचे पदक, परदेशातल्या कामगिरीसाठी मिळणारे विदेश सेवा पदक, नऊ आणि वीस वर्षांच्या दीर्घ सेवेची पदके, या प्रत्येकाची फीत वेगळी असते. 1999 मध्ये कारगिलला लढलेले जवान आता बहुतेक निवृत्त झाले आहेत किंवा निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत, त्यामुळे आजच्या हवालदाराकडून कारगिलच्या आठवणींची अपेक्षा करू नये. आणि एक कळकळीची विनंती करतो. ‘उस्ताद, तुम्ही किती जणांना मारलंत?’ असे मुले विचारतात, कधी कधी पालकही विचारतात. हा प्रश्न विचारू नये. ज्याने सोबती गमावलेला असतो त्याला मैदानात, दुपारच्या उन्हात, अनोळखी लोकांसमोर त्याचे उत्तर द्यायला लावणे क्रूर आहे. सांगण्यासारखे असेल ते तो शिबिरात, रात्री, स्वतःहून सांगतो.

परंतु लढाई पाहणे आणि शिकवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या मते दुसरीची चौकशी कुणी करत नाही. सैन्यात शिकवण्याचीही पद्धतशीर तयारी होते. महूच्या इन्फंट्री स्कूलसारख्या संस्थांत शस्त्रांचे कोर्स होतात आणि त्यांत चांगली श्रेणी मिळवणाऱ्याकडे पुढे शिकवण्याचे काम येते. धड्याची रचना ठरलेली असते. आधी ‘शुरू-शुरू का काम’, म्हणजे वर्गाची आणि शस्त्राची तपासणी. मग ‘पहुँच’, म्हणजे विषयाची प्रस्तावना, नंतर ‘उद्देश्य’, ‘सामान’, ‘भागों में बाँट’, आणि प्रत्येक भागानंतर ‘दोहराई’. रायफल रिकामी आहे याची खात्री केल्याशिवाय कोणताही उस्ताद पुढचा शब्द बोलत नाही. कवायत शिकवताना तो आधी पूर्ण नमुना करून दाखवतो, मग तीच हालचाल गिनतीने तोडून दाखवतो, मग वर्गाकडून करून घेतो. अध्यापनशास्त्राची पदवी घेतलेल्या आम्हा मंडळींना यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. काय शिकवायचे आहे ते आधी सांगणे, करून दाखवणे, करवून घेणे आणि चूक जागच्या जागी दुरुस्त करणे, इतकी सरळ शिस्त आमच्या वर्गखोल्यांत क्वचितच पाळली जाते.

तरीही सैन्यातला अनुभव जसाच्या तसा महाविद्यालयात चालत नाही. रेजिमेंटल सेंटरमधला, म्हणजे नवे जवान घडवणाऱ्या केंद्रातला, रिक्रूट चोवीस तास तिथेच राहतो, त्याला पगार मिळतो आणि त्याने सैनिक होणे पत्करलेले असते. कॅडेट स्वेच्छेने येतो, परेड संपली की प्रयोगशाळेत जातो, आणि केवळ एनसीसीत असल्यामुळे त्याच्यावर सैनिकी सेवेचे कोणतेही बंधन येत नाही. रिक्रूटला ‘का’ असे विचारण्याची मुभा नसते. कॅडेट मात्र विचारतो, आणि त्याने विचारावे असेच आम्ही त्याला वर्गात शिकवत असतो. सेंटरमध्ये घडलेल्या उस्तादाला हे पहिल्या महिन्यात जड जाते. जे चांगले असतात ते लवकर ओळखतात की इथे आवाज चढवण्यापेक्षा कारण सांगितल्याने काम होते. काहींना ते शेवटपर्यंत जमत नाही आणि त्यांच्या परेडची हजेरी घटत जाते. अशा वेळी मधे उभे राहणे हे माझ्यासारख्याचे काम असते.

म्हणून माझ्यासारख्या सहयोगी एनसीसी अधिकाऱ्याविषयीही दोन शब्द. निवड झालेल्या प्राध्यापकाला नागपूरजवळच्या कामठी येथील ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत आणि प्राध्यापिकांना ग्वाल्हेरच्या अकादमीत निवासी प्रशिक्षण घ्यावे लागते, आणि त्यानंतर लेफ्टनंट हा हुद्दा मिळतो. अमेरिकेतील विद्यापीठांत भूदलाच्या आरओटीसीच्या, म्हणजे विद्यार्थ्यांतून लष्करी अधिकारी घडवणाऱ्या योजनेच्या, तुकडीचा प्रमुख सेवेतला लष्करी अधिकारी असतो आणि त्याला ‘प्रोफेसर ऑफ मिलिटरी सायन्स’ हे पद दिले जाते. तिथे सैनिकाला प्राध्यापकांत बसवतात. आपण उलट केले आहे, प्राध्यापकाला गणवेश दिला आहे. मला आपली रचना अधिक योग्य वाटते, कारण कॅडेटची परीक्षा, घरची अडचण आणि वर्गातली वागणूक उस्तादांना माहीत असणे शक्य नसते. मात्र कामठीच्या प्रशिक्षणाने आमच्यातला कुणी सैनिक होत नाही, हे आम्ही स्वतः लक्षात ठेवले पाहिजे आणि शस्त्र, फायरिंग, फील्डक्राफ्ट हे उस्तादांच्याच हाती राहू दिले पाहिजे.

ही रचना एकाएकी झालेली नाही. 1917 मध्ये कलकत्त्यात युनिव्हर्सिटी कोअर सुरू झाले, 1920 च्या कायद्यानंतर त्याच्या जागी युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर आले आणि 1942 मध्ये त्यालाच युनिव्हर्सिटी ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर असे नाव मिळाले. स्वातंत्र्याच्या सुमारास पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीने देशव्यापी संघटनेची शिफारस केली आणि 1948 च्या कायद्याने एनसीसी स्थापन झाली. तिचे पहिले संचालक होते कर्नल गोपाळ गुरुनाथ बेवूर. बलुच रेजिमेंटमध्ये कमिशन मिळालेला, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेलेला, फाळणीनंतर डोग्रा रेजिमेंटमध्ये आलेला हा मराठी अधिकारी पुढे 1973 मध्ये लष्करप्रमुख झाला. विद्यार्थ्यांची संघटना उभी करण्यासाठी इतक्या तोलाचा माणूस निवडला गेला होता, हे मला फार महत्त्वाचे वाटते. 1962 च्या युद्धानंतर 1963 मध्ये एनसीसी सक्तीची झाली, कॅडेटांची संख्या प्रचंड वाढली, आणि नियमित अधिकारी तर सैन्यालाच हवे होते. तेव्हा एनसीसीला स्वतःचे पूर्णवेळ अधिकारी नेमावे लागले. 1968 मध्ये सक्ती उठली. संख्या वाढली की अनुभवी शिक्षक अपुरे पडतात, ही अडचण तेव्हापासूनची आहे.

मुलींच्या बाबतीत ही उणीव अधिक ठळक आहे. मुलींचा विभाग 1949 मध्येच सुरू झाला, पण त्यांना शिकवणाऱ्या गर्ल कॅडेट इन्स्ट्रक्टर नागरी सेवेतल्या असतात. त्या मनापासून काम करतात, मात्र पलटणीत घडलेली स्त्री हवालदार मुलींसमोर उभी राहत नाही, कारण भूदलात जवान म्हणून स्त्रियांची भरतीच अगदी अलीकडे सुरू झाली. मिलिटरी पोलिस कोअरमधील 83 महिला जवानांची पहिली तुकडी बंगळूरच्या केंद्रातून मे 2021 मध्ये बाहेर पडली. त्यांच्यातून हवालदार तयार होऊन एनसीसीत येईपर्यंत अजून काही वर्षे जातील. ती नेमणूक ज्या दिवशी होईल त्या दिवसाची मी मनापासून वाट पाहतो आहे, कारण माझ्या कंपनीतल्या मुलींनी हा प्रश्न मला अनेकदा विचारला आहे आणि आजवर मला त्यांना पुढचा काळच दाखवावा लागला आहे.

जुलै 2024 मध्ये संरक्षण मंत्रालयाने एनसीसीच्या 3 लाख जागा वाढवण्यास मंजुरी दिली. 1948 मध्ये 20 हजार कॅडेटांनी सुरू झालेल्या संघटनेची मंजूर संख्या त्यामुळे 20 लाख होते, आणि याच योजनेत माजी सैनिकांना कौशल्य व अनुभव पाहून प्रशिक्षक नेमण्याची तरतूद आहे. यापुढे तुमच्या मुलांना शिकवणारा उस्ताद सेवेतला असेल किंवा निवृत्त असेल. निवृत्त उस्तादांविषयी काही पालकांच्या मनात शंका आहे. मला ती रास्त वाटत नाही. दोन-तीन वर्षांत बदली होणारा उस्ताद मुलांची भाषा समजू लागतो तोवर त्याची परतण्याची वेळ होते. एकाच ठिकाणी राहणाऱ्या माजी सुभेदाराला ती सवड मिळू शकेल. त्यांनी शस्त्रांचे आणि फील्डक्राफ्टचे बदलते धडे वेळोवेळी नव्याने घेतले पाहिजेत आणि त्यांची निवड सेवेच्या वर्षांवर न होता शिकवण्याच्या अनुभवावर झाली पाहिजे, एवढाच माझा आग्रह आहे. नावनोंदणीच्या वेळी पालकांनी मला हेही विचारावे : उस्तादांनी कोणत्या पलटणीत सेवा केली, कोणते कोर्स केले, आणि याआधी कुणाला शिकवले? याची उत्तरे माझ्याकडे असतात, आणि ती द्यायला मला आवडेल.